मका: सिंगल क्रॉस, थ्री-वे की डबल क्रॉस? एकरी उतारा मोजायचा तरी कसा?

गिरणाकाठ

खरिपात तीन एकर मका घ्यायचा आहे. जमीन मध्यम काळी, पाऊस लांबला तर विहिरीवरून दोन-तीन पाणी देता येतील. तीन प्रकारचं संकरित बियाणं मिळतंय: सिंगल क्रॉस, थ्री-वे आणि एक जुना डबल क्रॉस. सिंगल क्रॉसची पिशवी सगळ्यांत महाग, आणि विक्रेत्याचं म्हणणं "एकरी चाळीस क्विंटलच्या खाली येतच नाही". गावात मात्र डबल क्रॉसवालेही छत्तीस-अडतीस सांगतात. मग फरक आहे तरी किती? अर्ध्या एकरात तिन्ही लावून बघायचे म्हटलं तर कसे लावू, म्हणजे आकड्यावर विश्वास ठेवता येईल? आणि महाग पिशवी नेमकी किती जास्त पिकली तर परवडते?

---

नेटप्लॉट

चाळीस क्विंटल म्हणजे किती ओलाव्याचे, हे आधी विचारा. गावगप्पांतले निम्मे आकडे तिथेच गळतात.

समजा उशिरा येणारा एक वाण काढणीच्या दिवशी एकरी ४२ क्विंटल भरला, ओलावा २७ टक्के. मध्यम कालावधीचा दुसरा ३८ क्विंटल, ओलावा १८ टक्के. बाजारात प्रमाण धरतात १४ टक्के ओलावा. त्यावर आणायचं सूत्र असं:

वजन × (१०० − ओलावा) ÷ ८६

पहिला: ४२ × ७३ ÷ ८६ = ३५.६५ क्विंटल.
दुसरा: ३८ × ८२ ÷ ८६ = ३६.२३ क्विंटल.

चार क्विंटलने पुढे दिसणारा वाण प्रत्यक्षात अर्ध्या क्विंटलने मागे. बरेच जण इथे नुसती वजाबाकी करतात: २७ मधून १४ गेले १३, म्हणून १३ टक्के कापा. तसं केलं तर पहिला ३६.५४ आणि दुसरा ३६.४८, म्हणजे परत पहिलाच पुढे. वजाबाकी चुकते, कारण ओलावा हा ओल्या वजनाचा टक्का असतो आणि पाणी उडालं की एकूण वजनही घटतं. जितका माल ओला, तितकी चूक मोठी.

आता लावणी. अर्धा एकर पुरतो, फक्त आखणी नीट करा.

ओळीतलं अंतर ६० सें.मी., दोन झाडांत २० सें.मी. प्रत्येक पट्ट्यात ८ ओळी. तीन वाण, प्रत्येकाचे तीन पट्टे, म्हणजे ९ पट्टे आणि ७२ ओळी. रुंदी झाली ४३.२ मीटर. ओळीची लांबी ४६ मीटर ठेवा. सगळं मिळून वीस गुंठ्यांच्या आतच बसतं. काढणीला प्रत्येक पट्ट्यातल्या दोन्ही कडांच्या दोन-दोन ओळी सोडायच्या, मधल्या चार घ्यायच्या, आणि त्यांचीही दोन्ही टोकं साधारण दोन-दोन मीटर सोडून ४२.२ मीटर लांबी मोजून घ्यायची. चार ओळी × ०.६० × ४२.२ म्हणजे बरोबर एक गुंठा. गुंठ्याचे किलो गुणिले ०.४ केलं की एकरी क्विंटल मिळतात, डोक्याला ताप नाही.

कडेच्या ओळी सोडायचं कारण: उंच वाणाची सावली शेजारच्या बुटक्या वाणावर पडते आणि बुटका उगाच हरतो. बांधालगतच्या ओळींना ऊन-वारा जास्त, त्या उगाच जिंकतात.

पट्ट्यांचा क्रम ठरवताना नऊ पट्ट्यांचे तीन गट करा. प्रत्येक गटात तिन्ही वाण एकदा आले पाहिजेत, क्रम चिठ्ठ्या टाकून काढा. अ-अ-अ, ब-ब-ब असं सलग लावलं आणि एका बाजूला जमीन हलकी निघाली, तर तुम्ही वाण नाही, जमीन मोजली. ओळी जमिनीच्या उताराच्या दिशेने घ्या, म्हणजे वरची हलकी आणि खालची भारी जमीन प्रत्येक पट्ट्याच्या वाट्याला सारखी येते.

---

बीजोत्पादक

नेटप्लॉट यांनी मोजणी सांगितली, मी बियाण्याचं सांगतो.

सिंगल क्रॉस म्हणजे दोन शुद्ध वंशांचा संकर: अ × ब. थ्री-वे म्हणजे (अ × ब) × क. डबल क्रॉस म्हणजे (अ × ब) × (क × ड). शुद्ध वंश पिढ्यान्‌पिढ्या स्वपरागीकरण करून काढलेले असतात, म्हणून ती ताटं खुजी आणि कणसं बारकी. सिंगल क्रॉसचं बी अशा अशक्त मादीवर धरतं, त्यामुळे एकरी बी कमी निघतं आणि पिशवी महाग पडते. डबल क्रॉसची मादी स्वतःच जोमदार संकर असते, बी भरपूर, पिशवी स्वस्त. म्हणजे किमतीतला मोठा भाग हा बी तयार करण्याचा खर्च आहे, तुमच्या शेतातल्या उताऱ्याची हमी नाही. आपल्याकडे १९६१ साली आलेले पहिले संकरित वाण, गंगा १, गंगा १०१, रणजीत, डेक्कन, हे डबल क्रॉसच्या पठडीतले होते, कारण तेव्हा परवडण्याजोगं बी तसंच तयार होत असे. पंजाब कृषी विद्यापीठाचा पारस हा सिंगल क्रॉस १९९५ मधला. त्यानंतर मात्र वारं पूर्ण फिरलं आणि आज खासगी कंपन्यांचा बहुतेक माल सिंगल क्रॉसच आहे.

उताऱ्याचं म्हणाल तर चांगला सिंगल क्रॉस चांगल्या डबल क्रॉसच्या पुढे असतो, यात शंका नाही. पण मध्यम दर्जाचा सिंगल क्रॉस उत्तम थ्री-वेच्या मागे पडताना सर्रास दिसतो. प्रकाराच्या नावावर पैसे मोजू नका.

सिंगल क्रॉसची खरी ताकद दाटीत दिसते. सगळी ताटं सारख्या उंचीची, पानं उभट असलेली, एकमेकांना दाबत नाहीत. ६० × २० वर एकरी साधारण ३३,७०० झाडं बसतात, ७५ × २० वर २७,०००. जुने डबल क्रॉस ६० × २० ला वांझ ताटं जास्त देतात, म्हणजे ताट आहे पण कणीस नाही किंवा चार दाण्यांचं. म्हणून तुलना एकाच अंतरावर केली तर त्या अंतराला जुळणारा वाण जिंकणार. तुमची नेहमीची पद्धत ७५ × २० असेल तर चाचणीही त्यावरच घ्या. पट्टा आठ ओळींचाच, फक्त एका गुंठ्यासाठी मधल्या चार ओळींची लांबी ४२.२ ऐवजी ३३.७ मीटर.

दुसरी बाजूही ऐका. सिंगल क्रॉसमध्ये सगळ्या झाडांचं रक्त एक, त्यामुळे तुरा आणि स्त्रीकेसर (कणसाच्या टोकाचे रेशमी केस) तीन-चार दिवसांत उरकतात. नेमक्या त्या दिवसांत पाण्याचा ताण बसला की अख्ख्या प्लॉटच्या कणसांची टोकं रिकामी. डबल क्रॉसची झाडं मागेपुढे फुलतात, काही सापडतात, काही सुटतात. तुमच्याकडे पाणी देण्याची सोय आहे म्हणून सिंगल क्रॉस चालेल, पण राखून ठेवलेलं पाणी तुरा बाहेर पडताना आणि दाणा भरताना द्या. गुडघाभर मक्याला पाणी देऊन विहीर उपसून ठेवाल तर काही उपयोग नाही.

पिशवीवर प्रकार छापलेला असेलच असं नाही. ओळखायचं असेल तर फुलोऱ्यात सलग वीस झाडांच्या स्त्रीकेसरांचा रंग बघा. सिंगल क्रॉसमध्ये सगळ्यांचा एकच: सगळे हिरवट, नाहीतर सगळे लालसर. थ्री-वे किंवा डबल क्रॉसमध्ये सरमिसळ दिसू शकते. आणि सिंगल क्रॉसच्या प्लॉटमध्ये अधूनमधून कंबरेएवढी, बारीक खोडाची ताटं दिसली तर समजा बीजोत्पादनात मादीचे तुरे वेळेवर काढले नव्हते, ती स्वपरागीत मादीची रोपं आहेत. असं शंभरात आठ-दहा सापडलं तर वाणाला दोष देऊ नका, त्या लॉटला द्या.

---

गिरणाकाठ

दोघांचे आभार. एक शंका. सगळ्या पट्ट्यांत झाडं सारखी राहतीलच असं नाही. कुठे उगवण कमी, कुठे लष्करी अळी. मग झाडांच्या प्रमाणात वजन वाढवून धरायचं का? आणि कणसं मोजून अंदाज काढतात तो कितपत खरा?

---

टोकणवाला

प्रमाणात वाढवू नका. जिथे खाडा पडतो, तिथली शेजारची झाडं जास्त ऊन आणि खत घेऊन मोठी कणसं देतात. वीस टक्के झाडं कमी म्हणून उतारा वीस टक्के घटत नाही, आणि तुम्ही वीस टक्के वाढवून धरला तर खाडे असलेला प्लॉट पहिला येईल!

मुळातच फरक पडू देऊ नका. टोकण करा, प्रत्येक जागी दोन बिया. उगवण झाल्यावर दहा-बारा दिवसांनी एक जोमदार रोप ठेवून विरळणी करा. काढणीच्या आधी मधल्या चार ओळींतली ताटं मोजून लिहा. ६० × २० ला गुंठ्यात ८४० च्या आसपास हवीत. एखाद्या पट्ट्यात दहा टक्क्यांहून जास्त कमी असतील तर तो पट्टा तुलनेतून काढा, ओढूनताणून बसवू नका.

लष्करी अळीबाबत एक गोष्ट हमखास निसटते: बीजप्रक्रिया. काही पिशव्यांतलं बी सायॲन्ट्रानिलिप्रोल अधिक थायामेथोक्झामने माखलेलं येतं, काहींना फक्त बुरशीनाशक. पहिल्याला सुरुवातीचे दोन-तीन आठवडे संरक्षण, दुसऱ्याचे पोंगे (शेंड्याची गुंडाळलेली कोवळी पानं) कुरतडलेले. मग तुलना वाणांची होत नाही, औषधाची होते. तिन्ही पिशव्यांवरचा मजकूर वाचा, कमी असेल त्याला तीच प्रक्रिया पिशवीवरच्या मात्रेने करून घ्या. पुढे फवारणी लागली तर तिन्हींना एकाच दिवशी, पोंग्यात जाईल अशी: इमामेक्टिन बेन्झोएट ५ टक्के एसजी ०.४ ग्रॅम प्रतिलिटर, किंवा क्लोरॲन्ट्रानिलिप्रोल १८.५ टक्के एससी ०.४ मिलि प्रतिलिटर.

खतही एकसारखं. नत्र, स्फुरद, पालाश हेक्टरी १२०:६०:४० किलो धरलं तर एकराला डीएपी ५२ किलो, पोटॅश २७ किलो, युरिया ८४ किलो. युरिया एकदम टाकू नका, पेरणीला थोडा, बाकी तीस आणि पंचेचाळीस दिवसांच्या आसपास. कोवळ्या पानांवर मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना पांढरट पट्टा दिसला तर जस्त कमी आहे. पुढच्या वेळी झिंक सल्फेट एकरी ८-१० किलो पेरणीलाच. मात्र उपाशी जमिनीत हे तीन प्रकार एकमेकांजवळ येतात. खत न घालता "सगळे सारखेच" म्हणणारे बरेच, ते खोटं बोलत नाहीत.

कणीस मोजून अंदाज निघतो, पण कणसं निवडायची नाहीत. एका ओळीतली सलग वीस ताटं घ्या, त्यातलं वांझ ताटही धरा. कणसावरच्या दाण्यांच्या ओळी × एका ओळीतले दाणे × दाण्याचं वजन. ओळींची संख्या नेहमी सम येते: १२, १४, १६, विषम आली तर परत मोजा. १४ ओळी, ओळीत ३२ दाणे, १०० दाण्यांचं वजन २८ ग्रॅम: कणसामागे १२५ ग्रॅम. एकरी २६,००० कणसं धरली तर साडेबत्तीस क्विंटल. फोटोत दिसणारं १८ ओळींचं, ४० दाण्यांचं कणीस बांधाजवळच्या मोकळ्या झाडाचं असतं; त्यावरून एकराचा हिशेब करणं हीच चाळीस-पन्नास क्विंटलच्या दाव्यांची जन्मकथा.

---

नेटप्लॉट

टोकणवाल्यांशी सहमत. वजनाच्या वेळी आणखी एक जागा आहे, तिथे दहा टक्के सहज इकडेतिकडे होतात: कणसाचे दाणे किती सुटतात. लोक सोललेल्या कणसांचं वजन करून सरसकट ८० टक्के दाणे धरतात. बारीक गाभ्याच्या वाणात ते ८४ निघतात, जाड गाभ्याच्या वाणात ७६. गुंठ्याची सगळी कणसं तोला, मग त्यातून न निवडता १० किलो घ्या, हाताने दाणे सोडवा, तोला, ओलावा काढा.

उदाहरण: एका गुंठ्यातली कणसं ११८ किलो, १० किलो कणसांतून दाणे ७.९ किलो, ओलावा २२ टक्के. ११८ × ०.७९ = ९३.२ किलो दाणे. त्याला ७८ ÷ ८६ ने गुणलं की ८४.५ किलो. गुणिले ०.४ म्हणजे एकरी ३३.८ क्विंटल.

मीटर नसेल तर प्रत्येक पट्ट्यातले पाच-पाच किलो दाणे वेगळ्या पिशव्यांत घालून खुणा करा, एकाच ताडपत्रीवर वेगवेगळे पसरवून उन्हात वाळवा. सलग दोन दिवस वजन घटलं नाही की सगळे नमुने सारख्या ओलाव्याला आले. पाच किलोचे किती राहिले त्या प्रमाणात पूर्ण वजन बसवा.

काढणी सगळ्यांची एका दिवशी करायची सक्ती नाही. दाणा गाभ्याला चिकटलेल्या टोकाकडून खरवडा. बुडाशी काळा थर दिसला म्हणजे दाणा भरणं थांबलं. त्या वेळी ओलावा तिशीच्या आसपास असतो. लवकर येणारा वाण उशिराच्या वाणासाठी शेतात थांबवला तर पक्षी आणि परतीचा पाऊस त्याचंच नुकसान करतात.

आणि निकाल वाचायचा कसा? समजा १४ टक्क्यांवर आणून अ वाणाचे तीन गुंठे आले ८८, ८१, ९२ किलो आणि ब वाणाचे ८४, ९०, ८३. सरासरी ८७ आणि ८५.७. एकरी अर्ध्या क्विंटलने अ पुढे दिसतो. पण अ वाणातच ८१ ते ९२ असा अकरा किलोंचा फरक आहे आणि मधल्या गटात ब जिंकला आहे. याचा अर्थ दोघे सारखे. तिन्ही गटांत एकच वाण पुढे असेल आणि दोन वाणांतलं अंतर एकाच वाणाच्या तीन गुंठ्यांतल्या अंतरापेक्षा मोठं असेल, तरच तो पुढे. विद्यापीठांच्या तक्त्यांत खाली 'सीडी' म्हणून एक आकडा असतो, तो हेच सांगतो: दोन वाणांतला फरक त्याच्याहून कमी असेल तर समान समजा. जाहिरातीत तो आकडा छापत नाहीत.

रब्बीचा आकडा खरिपाला लावू नका, हे वेगळं सांगायला नको. रब्बीत तोच वाण जास्त दिवस उभा राहतो, ढगाळ दिवस कमी, दाणा भरायला वेळ जास्त.

---

आडतकट्टा

परवडण्याचा हिशेब सोपा आहे. समजा सिंगल क्रॉसचं बियाणं एकरी १,२०० रुपयांनी महाग पडलं. २०२५-२६ चा हमीभाव २,४०० रुपये. त्या दराने ५० किलो जास्त पिकलं की पैसे फिटले. बाजार १,८०० वर असेल तर ६७ किलो लागतील. म्हणजे बियाण्याच्या किमतीवरून एवढी घासाघीस करण्यात अर्थ नाही, पाऊण क्विंटलसुद्धा लागत नाही. त्याहून जास्त पैसा ओल्या मालात जातो. उशिराचा वाण दिवाळीच्या गर्दीत २५ टक्के ओलाव्याने आणला तर वजनातही कापतात आणि भावातही. २० टक्क्यांच्या वर ओलावा असताना मळणी केली तर दाणा फुटतो, फुटक्याला बुरशी लवकर लागते, पोल्ट्रीवाला हात लावत नाही. पोल्ट्रीला गडद नारिंगी दाणा आवडतो, तेव्हा तुमच्या वहीत रंगाचाही एक रकाना ठेवा.

---

गिरणाकाठ

समजलं. शेवटचं विचारतो: डबल क्रॉस लावून त्याचंच बी घरी ठेवलं तर दुसऱ्या वर्षी किती घटेल? आणि मळणी यंत्र भाड्याने आणायचं आहे, नऊ ढीग वेगळे कसे ठेवू?

---

बीजोत्पादक

घरच्या बियाण्याचा जुना हिशेब आहे. पहिल्या पिढीचा उतारा वजा शुद्ध वंशांची सरासरी, भागिले वंशांची संख्या, एवढी घट. समजा शुद्ध वंश एकरी ११ क्विंटलचे. सिंगल क्रॉस ३५ चा असेल तर २४ भागिले २, घट १२, उरले २३. थ्री-वे ३३ चा, २२ भागिले ३, उरले साधारण २५.७. डबल क्रॉस ३१ चा, २० भागिले ४, उरले २६. घरच्या बियाण्यात क्रम उलटा होतो, पण तिन्ही तोट्यातच. बी घरचंच ठेवायचं असेल तर संकरित सोडा आणि संमिश्र (अनेक वंश मिसळून केलेले) वाण घ्या; त्यांचं बी दोन-तीन वर्षं ठेवता येतं, फक्त शेजारच्या मक्यापासून २०० मीटर लांब लावा आणि बी मधल्या ओळींतूनच निवडा.

---

टोकणवाला

मळणीसाठी ढीग शेतातच गोण्यांत भरा. गोणीत आत एक आणि बाहेर एक अशी चिठ्ठी, पेन्सिलने लिहिलेली. शाई ओल्या कणसांनी पुसते. पण तुलनेसाठी यंत्राची गरजच नाही, १० किलोचा नमुना हाताने सोलला की काम झालं. उरलेली कणसं तोलून झाल्यावर एकत्र मळा. तरी यंत्रातूनच वेगळं काढायचं असेल तर दोन वाणांच्या मध्ये यंत्र दोन मिनिटं रिकामं चालवा आणि चाळणीखाली हात फिरवून बघा, तिथे किलो-दीड किलो दाणे अडकलेले असतात. एका गुंठ्याच्या ८५ किलोंत दीड किलो म्हणजे एकरी साठ किलो, आणि ते पुढच्या वाणाच्या नावावर जमा होतात.